फुलराणीच्या बाजूने

पुण्यात मुलांच्या करमणुकीच्या बागेचा विषय निघाला, की चार शहाणी माणसे लगेच आकडे सांगू लागतात. पाळणा किती फूट उंच, गाडी किती वेगाने उलटी फिरते, जागा किती एकर, खर्च किती कोटी! ह्या सगळ्या आकड्यांत एक आकडा मात्र कधीच नसतो. सामान्य कमाईच्या घरातले मूल तिथे वर्षातून किती वेळा जाऊ शकेल? माझे म्हणणे असे, की करमणुकीच्या बागेचा मोठेपणा मोजायचा तर तो ह्याच आकड्याने मोजावा. आणि ह्या मापाने सारसबागेच्या शेजारचे आमचे पेशवे उद्यान, त्याच्या सर्व दोषांसकट, भल्या भल्या बागांना भारी पडेल. हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. पण हसून झाल्यावर पुढचे वाचावे.

ज्या अमेरिकेचे दाखले आपल्याला उठल्यासुटल्या दिले जातात, तिथूनच सुरुवात करू. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जात असे. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रीवर बसत आणि हा गृहस्थ बाकावर शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राही. बापाने नुसते बसून राहावे, ही काय करमणूक, असे त्याच्या मनात आले; आई-बापांना आणि मुलांना एकत्र रमता येईल अशी जागा हवी, असे त्याला वाटले. त्या विचारातून १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उभे राहिले. आणि दुसऱ्याच वर्षी, १९५६ साली, पुणे महानगरपालिकेच्या पेशवे उद्यानात फुलराणी धावू लागली. बालकवींच्या कवितेने मराठी घराघरात रुजवलेले ते नाव आणि मागे लहानसे डबे घेऊन झाडांमधून वळसा घालणारी ती गाडी. दोन्हींच्या खर्चाची तुलना करणे वेडेपणाचे आहे. पण डिस्नेला बाकावर बसून जो प्रश्न पडला होता, त्याचे एक उत्तर पुण्याने आपल्या ऐपतीत दिले होते, एवढे तरी मान्य करा.

ते उत्तर काय होते, हे गाडीत बसणाऱ्यापेक्षा रुळाच्या कुंपणाशी उभे राहणाऱ्याला जास्त कळते. गाडी सुटली की आतली पोरे बाहेरच्यांना हात करतात. बाहेरचे आजोबा, मावशी, भेळेचा कागद हातात घेतलेला कोणी अनोळखी कारकून, सगळे उलट हात करतात. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत असे दांडेकर पुलाकडचे पोर गाडीबरोबर पळत सुटते आणि वळणावर तिला गाठते. गाडी मंद चालते म्हणूनच हे घडते. वेगाच्या गाडीत बसलेल्याला बाहेरचा माणूस दिसत नाही. तो डोळे मिटून ओरडत असतो. त्यालाही आनंद होतो, मी नाही म्हणत नाही. पण तो एकट्याचा असतो. फुलराणीच्या खेळात पाहणाराही खेळगडी आहे. चतुःशृंगीच्या जत्रेतल्या पाळण्याचे तेच. वर बसलेली सून आणि खाली तान्ह्याला कडेवर घेऊन उभी असलेली सासू, दोघी मिळून तो पाळणा फिरतात.

आता मोठ्या बागांकडे वळू. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघाले. पुण्याची मुले दोन्हीकडे सहलीला गेली आणि आनंदाने परतली. त्या यंत्रांशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते ‘एकदाच पैसे भरा आणि दिवसभर काहीही खेळा’ ह्या, वरवर उदार दिसणाऱ्या, सगळीकडे रूढ झालेल्या पद्धतीशी. खुद्द डिस्नेलँडमध्ये १९८२ पर्यंत खेळागणिक कूपन घ्यावे लागे. लहान खेळाला स्वस्त, मोठ्याला महाग. ती पद्धत गेली आणि एकरकमी तिकीट आले. परिणाम काय झाला? पाहुणा वसुलीदार झाला! अशाच एका बागेत मी एका बापाला पाहिले आहे. त्याचा पाच वर्षांचा मुलगा कारंज्याच्या डबक्यात पान सोडून ते कुठे जाते हे पाहण्यात गढला होता. बाप त्याला दंडाला धरून ओढत म्हणत होता, “हे काय, घरीही बघता येतं! अजून सहा पाळणे राहिलेत!” त्या बापाला मी दोष देत नाही. चार माणसांच्या तिकिटांत त्याच्या महिन्याच्या पगाराचा लचका गेला होता. त्याला रमणे परवडतच नव्हते. संस्कृतात बागेला ‘आराम’ म्हणतात. ज्या बागेत घड्याळाकडे आणि रांगेकडे पाहत धावावे लागते, तिला दुसरे काहीही म्हणा, आराम म्हणू नका.

माझ्यावर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा, की हा म्हातारपणचा उमाळा आहे. जुने ते सगळे सोने! नाही, महाराज. १९५३ पासून ह्याच पेशवे उद्यानात प्राणिसंग्रहालय होते आणि तिथल्या अरुंद पिंजऱ्यांत येरझारा घालणारा वाघ पाहून आम्ही टाळ्या वाजवत होतो, ह्याची आज लाज वाटते. पुढे ते प्राणी कात्रजच्या विस्तीर्ण जागेत हलवले, ते उत्तमच झाले. पण त्या गोष्टीतून चुकीचा धडा घेऊ नका. वाघाला एकर लागतात. मुलाला जवळीक लागते. शाळेतून घरी येऊन, दप्तर टाकून, आजीचे बोट धरून अंधाराच्या आत जाऊन येता येईल अशी बाग वाघाच्या काही कामाची नाही. मुलाला तीच हवी असते.

दुसरा आक्षेप, की लहान आणि गावातली बाग जगात कोणी मोठी मानत नाही. कोपनहेगनचे टिव्होली १८४३ सालचे आहे. ते आज शहराच्या ऐन मध्यात, रेल्वे स्टेशनाच्या समोर आहे. आत जायला तिकीट आहे, पण पाळण्यांचे तिकीट वेगळे. ज्याला नुसते झाडांखाली हिंडायचे, गाणे ऐकायचे, त्याने तेवढेच करावे. त्या बागेला जगभर मान आहे. डिस्नेही आपली बाग बांधण्यापूर्वी ती पाहून आला होता.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी मान खाली घालून उत्तर देतो. खासगी बागेत संडास स्वच्छ असतो, पिण्याचे पाणी असते, खेळाची तपासणी वेळच्या वेळी होते. सार्वजनिक बागेत झोक्याची साखळी तुटलेली, घसरगुंडीचा पत्रा फाटलेला आणि नळाला पाणी नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण ह्यावरून सार्वजनिक बाग मोडीत काढायची, हे तर्कशास्त्र कुठले? घरचा नळ गळतो म्हणून कोणी घर सोडून हॉटेलात राहायला जात नाही. स्वस्तात मिळते म्हणून गचाळ चालेल, ही समजूतच मुळात गरिबाचा अपमान आहे. आणि ती समजूत करून घेणारे आपण, चार पैसे गाठीला असलेले लोक, आपल्या मुलांना मोटारीत घालून खोपोलीला नेतो आणि तुटक्या साखळीची तक्रार करायचे विसरतो. मोठी बाग आपल्यापुरती सोय करते आणि गावच्या बागेसाठी भांडणारी माणसेच पळवून नेते. हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. नवा अजस्र पाळणा उभारण्याआधी प्रत्येक पेठेतल्या, प्रत्येक उपनगरातल्या बागेत शाबूत झोका द्या, सावलीत पाठ टेकता येईल असा बाक द्या, पाणी द्या, बायकांना जाता येईल असा संडास द्या, आणि फुलराणीच्या रुळांची निगा अशी राखा की जणू दख्खनच्या राणीचाच तो मार्ग आहे. मुलाला शहराची पहिली ओळख बागेत होते. हे शहर आपले आहे की दाराशी पैसे मोजून आत घेणाऱ्या कोणा दुसऱ्याचे, हे त्याला तिथेच कळते. ‘पैसे वसूल झाले का?’ असे घरी परतताना विचारणारी माणसे खूप झाली. पेशवे उद्यानातून निघालेले पोर फाटकाशी मागे वळून विचारते, “उद्या परत यायचं?” त्याला ‘हो’ म्हणता आले पाहिजे.