खिशांतलें ओझें

परवां आमच्या घरांत एका फाटक्या खिशावरून लहानसा खटला उभा राहिला. अकरा माणसांच्या एकत्र कुटुंबांत खटल्यांना तोटा नसतो, आणि फाटका खिसा ही कांहीं कोणाच्या मानापमानाची गोष्ट नव्हे. परंतु एकाच महिन्यांत माझ्या सदऱ्याचा खिसा तिसऱ्यांदा उसवला, तेव्हां सुईंत दोरा ओंवतां ओंवतां आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, या खिशांतून तुम्ही वाहून नेतां तरी काय? लोखंडाचें दुकान?" पुतण्या शेजारींच बसला होता. त्यानें स्वयंपाकघरांतला वजनकाटा आणून माझ्यापुढें ठेवला आणि न्यायाधीशाच्या गांभीर्यानें आज्ञा केली, "काका, एकेक जिन्नस बाहेर काढा."

मीं काढूं लागलों. मोबाईल, त्याच्या कातडी आवरणासह, २२८ ग्रॅम. पाकीट १६१. किल्ल्यांचा जुडगा १४२. त्यांत नऊ किल्ल्या होत्या, आणि त्यांपैकीं पांच कोणत्या कुलुपाच्या हें मला सांगतां येईना. चिल्लर ७१. घरासह चष्मा ८८. पेन २३. हातरुमाल २४. आणि शेवटीं एक चपटी पत्र्याची डबी, आंत कागदांत बांधलेली खडीसाखर, ३७. पुतण्यानें बेरीज केली: ७७४ ग्रॅम. माझे वृद्ध चुलते पलीकडे झोपाळ्यावर होते. त्यांना ग्रॅमचा हिशेब अजून परकाच वाटतो. त्यांनीं मनांतल्या मनांत भागाकार केला आणि म्हणाले, "सहासष्ट तोळे! म्हणजे पाऊण शेराहून जास्त. अरे, एवढे तांदूळ रोज अंगावर घेऊन हिंडायला कोणी सांगितलें असतें, तर तूं हिंडला असतास का?"

चुलत्यांचा हा तोळ्यांचा हिशेब ऐकला आणि एक गोष्ट ध्यानांत आली. खिशांतलें ओझें हें पूर्वीं मुख्यतः पैशाचेंच असे. इंग्रजी अमलांत १८३५ सालीं जो चांदीचा रुपया ठरविण्यांत आला, त्याचें वजनच मुळीं एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, होतें. त्यामुळें दुकानदाराजवळ मापें नसलीं तरी त्याचें अडत नसे. तो पारड्यांत रुपये टाकी. ८० रुपयांचा एक शेर होई. शंभर रुपये घेऊन बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या कनवटीला सव्वा शेराचें ओझें असे, आणि ते कोणी काढून घेतले तर तें आधीं कमरेला कळे. पुढें १९४० मध्यें त्या रुपयांतली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्यें ती अजीबात गेली, आणि १९५७ सालापासून दशमान नाणीं चालूं झालीं. आज दहा रुपयांचें नाणें पावणेआठ ग्रॅमचें आहे, वीस रुपयांचें साडेआठाचें. २०१६ पासून यूपीआयची सोय झाली, तेव्हां पैशाला वजन म्हणून कांहीं उरलेंच नाहीं. लाख रुपये आले काय आणि गेले काय, मोबाईलचें वजन २२८ ग्रॅम तें २२८ च. पैसा हलका झाला खरा, पण खिसा हलका झाला नाहीं. एका ओझ्याची जागा दुसऱ्यानें घेतली, इतकेंच.

आतां, पाऊण शेराचें हें वजन खरोखर जड म्हणावें का? येथें नुसता काटा उत्तर देऊं शकत नाहीं. वजन किती, याहून तें अंगावर कोठें आहे, याला अधिक महत्त्व असतें. पायांतल्या जोड्याचें वजन तेवढ्याच पाठीवरल्या वजनापेक्षां कित्येक पटींनीं अधिक दमवतें, कारण प्रत्येक पावलाला तें उचलावें आणि पुढें न्यावें लागतें. याच्या उलट, केनियांतील लुओ आणि किकुयू स्त्रियांवर झालेले प्रयोग १९८६ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें कीं, सवयीच्या या बायका आपल्या देहाच्या एक पंचमांश वजनाचा भार डोक्यावर घेऊन चालतात, तरी मोकळ्या चालीपेक्षां त्यांना अधिक शक्ति खर्चावी लागत नाहीं. आमच्या खेड्यांतील पाणी वाहणाऱ्या बायकांची ताठ मान आणि संथ चाल आठवली, म्हणजे भार तोलून धरण्याचें मोल ध्यानांत येतें. खिशांतली चिल्लर मात्र तोललेली नसते. ती मांडीवर आपटते, एका अंगाला ओढते आणि शिवण तोडते. पाटलोणीच्या मागल्या खिशांतल्या फुगीर पाकिटाची तर गोष्टच निराळी. त्यावर तासन् तास बसल्यानें कंबरेपासून पायापर्यंत कळा जातात, अशीं उदाहरणें अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९७० नंतरच्या दशकांत नोंदून ठेवलीं आहेत. त्या पाकिटांचें वजन कांहीं पल्लाभर नव्हतें. जागा चुकली होती.

असो. त्या सायंकाळीं मी हलकें होण्याचा निश्चय केला. डोंगर चढणारे कांहीं हौशी लोक ओझें कमी करण्यासाठीं दांत घासण्याच्या ब्रशाचा दांडा अर्धा कापून टाकतात, असें पुतण्यानें सांगितलें, आणि मला भलताच उत्साह चढला. अनोळखी पांच किल्ल्या गेल्या. जुडगा ५८ ग्रॅमवर आला. पाकिटांतून जुन्या पावत्या, दोन बंद झालेल्या खात्यांचीं कार्डें आणि एक मुदत संपलेला पास निघाला. तें ६२ वर आलें. चिल्लर देवापुढच्या वाटींत पडली. चष्म्याचें घर टेबलावर राहिलें आणि नुसता २६ ग्रॅमचा चष्मा खिशांत आला. मग मीं एक नियम केला, आणि तो मला त्या वेळीं मोठा शास्त्रशुद्ध वाटला: जी वस्तु महिन्यांतून एकदांही लागत नाहीं, तिला खिशांत जागा नाहीं.

या नियमांत खडीसाखरेची डबी सांपडली. ती डबी माझ्यासाठीं नव्हती. आमच्या दादांना मधुमेह आहे आणि ते सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोंचून घेतात. इन्सुलिन घेतलें आणि जेवण लांबलें, तर रक्तांतली साखर एकाएकीं उतरते. अशा वेळीं पंधरा ग्रॅम साखर पोटांत जावी, पंधरा मिनिटें वाट पाहावी, उतार न पडल्यास पुन्हां तेवढीच द्यावी, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे. दादा स्वतः डबी बाळगीत नसत. "मी कांहीं रोगी नाहीं," हें त्यांचें ठराविक उत्तर. म्हणून वहिनींनीं ती तीन वर्षांपूर्वीं गुपचूप माझ्या स्वाधीन केली होती. त्या दिवशीं दादा जवळच उभे होते. ते हंसून म्हणाले, "तीन वर्षांत एकदां तरी उघडलीस का ती? काढून टाक." मी काढली. ३७ ग्रॅम वांचले. सगळी गोळाबेरीज ४२१ वर आली आणि पुतण्यानें टाळी वाजविली. २२८ ग्रॅमच्या मोबाईलला हात लावण्याचें मात्र आम्हां दोघांपैकीं कोणालाही सुचलें नाहीं. माणूस ओझें कमी करावयास निघाला, म्हणजे आवडीचें ओझें त्याला दिसत नाहीं.

त्यानंतर बारा दिवसांनीं दादा आणि मी एका नातेवाईकांच्या घरच्या मुंजीसाठीं एस. टी. नें साताऱ्यास निघालों. जेवून संध्याकाळीं परत यावयाचें, म्हणून बरोबर कांहींच घेतलें नव्हतें. सकाळीं सातला दादांनीं इन्सुलिन घेतलें, थोडेसे पोहे खाल्ले. अकराला पंगत बसेल असा हिशेब होता. खंबाटकीच्या चढणीवर एक मालमोटार आडवी झाली आणि पुढल्या-मागल्या वाहनांची रांग जागच्या जागीं खिळली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी मोबाईलमध्यें बातम्या वाचीत होतों. बाराच्या सुमारास मीं दादांना कांहींतरी विचारलें, तर त्यांनीं चिडून भलतेंच उत्तर दिलें. मीं वर पाहिलें. खिडकींतून गार वारा येत होता, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. बोटें थरथरत होतीं. "दादा, आपण कोठें निघालों आहों?" मीं विचारलें. ते माझ्याकडे पाहत राहिले.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशांत मोबाईल होता, पातळ झालेलें पाकीट होतें, चार किल्ल्या होत्या. डबी नव्हती.

मी काय बोललों, कसा ओरडलों, हें मला नीटसें आठवत नाहीं. पलीकडच्या बांकावर एक वृद्ध बाई बसली होती. तिनें कमरेची चंची सोडली. तींत पान, तंबाखू, सुताची गुंडी, सेफ्टीपिना, दोन किल्ल्या आणि फडक्यांत बांधलेला गुळाचा एक मोठा खडा होता. "द्या त्यास्नी. पानी बी हाय माझ्याजवळ," एवढेंच ती म्हणाली. दादांची शुद्ध गेली नव्हती, त्यांना गिळतां येत होतें, हें आमचें नशीब. नाहींपेक्षां बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहीं घालूं नये, हेंही डॉक्टरांनीं बजावलेलें होतें. गुळाचे तुकडे करून मीं त्यांना भरविले, वर पाणी दिलें, आणि घड्याळाकडे पाहत बसलों. तीं पंधरा मिनिटें मीं ज्या वजनानें मोजलीं, तें वजन कोणत्याही काट्यावर उमटत नाहीं. शेवटीं दादांनीं रुमालानें कपाळ पुसलें आणि नेहमींच्या आवाजांत म्हणाले, "खिडकी लाव रे. वारा लागतो." मग त्या बाईच्याच शिदोरींतली अर्धी भाकरी त्यांनीं खाल्ली. मीं आभार मानूं लागलों, तर ती म्हणाली, "गुळाचं काय एवढं? वाटेला निघाल्यावर असतोच की जवळ."

परततांना सारी वाट मी माझ्या त्या शास्त्रशुद्ध नियमाचा विचार करीत होतों. त्याची चूक आतां मला स्पष्ट दिसत होती. एखादी वस्तु किती वेळां लागते, यावर मीं तिची किंमत ठरविली होती. परंतु ज्या वस्तु रोज लागतात, त्या बहुधा कोठेंही मिळतात. पेन कोणीही उसनें देतो. चिल्लर नसली तरी वाणी अडून बसत नाहीं. मोबाईल शेजाऱ्याचाही चालतो. जी वस्तु तीन वर्षांतून एकदां लागते, तिला मात्र त्या क्षणीं पर्याय नसतो. म्हणून खिसा हलका करतांना, हें किती वेळां लागतें, एवढेंच विचारून भागत नाहीं. हें नसलें तर काय अडेल, आणि कोणाचें अडेल, असेंही विचारावयास हवें. पहिल्या प्रश्नानें माझ्या खिशांतल्या पांच किल्ल्या आणि जुन्या पावत्या गेल्या, त्या योग्यच गेल्या. दुसरा प्रश्न मीं विचारलाच नव्हता, कारण डबी माझ्या खिशांत असली तरी गरज माझी नव्हती. आपल्यापैकीं पुष्कळांच्या खिशांत दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेचे असे चारदोन तोळे असतात: आईचा चष्मा, वडिलांच्या गोळ्या, लेकराचा रुमाल. ओझें कमी करावयाची वेळ आली, म्हणजे हात नेमका त्यांवरच आधीं पडतो.

घरीं आल्यावर दादांनीं घडल्या प्रकाराचें अवाक्षर काढलें नाहीं. रात्रीं जेवणें उरकल्यावर मींच वहिनींपुढें सर्व कबूल केलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आंत गेल्या, आणि थोड्या वेळानें तीच डबी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "भावोजी, यांत आतां पंधरा नव्हे, तीस ग्रॅम घातली आहे. तुमच्या काट्याला चालेल ना?" मान वर करण्याचें मला धैर्य झालें नाहीं.

सध्यां माझ्या खिशांतलें ओझें ४७३ ग्रॅम आहे. सौभाग्यवतींनीं सदऱ्याच्या आंतल्या बाजूस, छातीशीं, एक लहानसा चोरखिसा जाड कापडाचा शिवून दिला आहे. डबी तेथें बसते आणि हालत नाहीं. बाहेरचा खिसाही त्यानंतर उसवलेला नाहीं. दादा अजूनही, "मी कांहीं रोगी नाहीं," असेंच म्हणतात. मात्र धुण्यासाठीं काढलेल्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला हल्लीं मुंग्या लागलेल्या असतात, असें वहिनी सांगतात. घरांत त्याविषयीं कोणी कांहीं बोलत नाहीं.