आल्प्समध्ये साध्या गाडीने फिरा

युरोपची सहल ठरली, की आल्प्समधल्या रेल्वेसाठी दोनच नावं पुढे येतात: ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस. छताकडे वळलेल्या मोठ्या काचा, सक्तीचं आरक्षण, त्याचे वेगळे पैसे. जागा मिळाली की आखणी झाली, असं घरोघरी समजलं जातं. मला ते पटत नाही. ज्याला खरोखर डोंगर पाहायचे आहेत, त्याने त्याच रुळांवरून धावणारी साधी गाडी धरावी आणि आरक्षणाऐवजी मुक्कामाच्या गावाचा आधी विचार करावा.

बर्निना मार्गच घ्या. सेंट मॉरिट्झपासून इटलीतल्या तिरानोपर्यंतचा हा ६१ किलोमीटरचा रस्ता १९१० मध्ये पूर्ण झाला आणि २००८ मध्ये आल्बुला मार्गासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ओस्पिझिओ बर्निना स्थानक २,२५३ मीटर उंचीवर, तिरानो ४२९ मीटरवर. एवढी चढउतार गाडी दातेरी रुळाशिवाय करते. काही ठिकाणी चौदा मीटरला एक मीटर असा चढ आहे. आपल्या बोरघाटात तो सदतीसला एक आहे आणि तिथेही गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात, हे कर्जत-लोणावळा करणाऱ्यांना ठाऊकच आहे. ब्रुसिओपाशी दरी इतकी अरुंद होते, की उतार सौम्य ठेवण्यासाठी रूळ नऊ कमानींच्या दगडी पुलावरून जातो, कुरणात गोल वळसा घेतो आणि त्याच पुलाच्या एका कमानीखालून बाहेर पडतो. वळणावर आपल्याच गाडीचे मागचे डबे खिडकीसमोर येतात. हे दृश्य महागड्या डब्यासाठी राखून ठेवलेलं नाही.

मुख्य मुद्दा हवेचा आहे. डोंगरात ढग कधी उतरतील याचा भरवसा नसतो. काही आठवडे आधी पक्क्या केलेल्या तारखेला धुकं असलं, तर मोठ्या काचेतून मोठं धुकं दिसतं, दुसरं काही नाही. साधी गाडी दिवसा साधारण तासातासाला असते. आज हवा वाईट असेल तर उद्या जाता येतं. ऊन पडलं तर २,०९१ मीटरवरच्या आल्प ग्र्यूमला उतरून पाल्यू हिमनदी डोळे भरून पाहता येते आणि पुढची गाडी पकडता येते. जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेचं प्रतिबिंबही येत नाही. ग्लेशियर एक्स्प्रेसमध्ये मात्र झेरमाट ते सेंट मॉरिट्झ हे सुमारे आठ तास एका जागी बसून काढायचे.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. सोबत आईवडील असतील, गुडघे दुखत असतील, मोठ्या बॅगा असतील, तर गाड्या बदलणं जिकिरीचं होतं. ज्यांच्या हातात एकच दिवस आहे आणि ज्यांना गाडी बदलणं झेपत नाही, त्यांनी खुशाल एक्स्प्रेस घ्यावी. पण बर्निना मार्गावर बहुतेक साध्या गाड्या सेंट मॉरिट्झहून थेट तिरानोला जातात. पोंत्रेसिना किंवा पोस्कियावोला तीन रात्री राहिलं, तर बॅगाही खोलीवरच राहतात. व्हिसासाठी सगळं आधी ठरवावं लागतं, असंही म्हटलं जातं. पण अर्जात राहण्याची आणि प्रवासाची एकूण रूपरेषा दाखवायची असते. कोणत्या दिवशी कितीची गाडी घ्यायची, हे सकाळी खिडकीबाहेर पाहून ठरवायला कोणाची आडकाठी नसते. राहता राहिला प्रश्न खर्चाचा. स्विस ट्रॅव्हल पास घेतलेला असेल, तर तिरानोपर्यंतचा प्रवास त्यातच येतो आणि साध्या गाडीला आरक्षण लागत नाही.