कोळ्याचा आठवडा आणि बालवाडीची बाई

मार्केट यार्डाजवळच्या वस्तीत आम्ही एक बालवाडी चालवतो. गेल्या पावसाळ्यात तिथे आठवडाभर ‘कोळी’ हा विषय घेतला. आठ पायांचा, जाळे विणणारा कोळी. कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी त्याचा अहवाल मांडला तेव्हा एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारले, “रेशनकार्डांचे अर्ज पडून आहेत, दोघींना नवऱ्यांनी घराबाहेर काढलंय, आणि तुम्ही पोरांना कोळी कसले शिकवता?” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न गंभीर आहे आणि तो आमच्या एका बालवाडीपुरता नाही. आपल्या संघटनांच्या कामात बालवाडी येते ती बहुधा बायकांना मोकळे करण्याची सोय म्हणून. पोरे तिथे बसली की आया मोर्चाला येतात, गटाच्या बैठकीला येतात. पोरे आत दिवसभर काय करतात, हे आपण सहसा विचारत नाही. ते विचारले पाहिजे, आणि तेही बाईचा प्रश्न म्हणूनच, असे मला वाटते.

आधी आठवड्यात काय झाले ते सांगते. आमच्याकडच्या पोरांच्या आया कांदा-बटाटा विभागात माल निवडतात, भुसार गाळ्यांवर धान्य पाखडतात, फुलबाजारात बसतात, काही कागद-काच-पत्रा वेचतात. बाप हमाली करतात, नाही तर टेम्पोवर असतात. या घरांत सुतळी, गोणपाट, खराट्याच्या काड्या आणि टाकून दिलेले बटाटे यांना तोटा नाही. आम्हाला साहित्य एवढेच लागले.

पहिल्या दिवशी मदतनीस बाईंना फक्त एक गोष्ट सांगितली, आज कोपरे झाडायचे नाहीत. मग पोरांना घेऊन खोलीतली जाळी शोधली. नियम एकच : बघायचे, हात लावायचा नाही. खिडकीशी एक गोल जाळे होते, त्यावर चिमूटभर पीठ फुंकले तसा एकेक धागा उजळून दिसायला लागला. एक पोरगा म्हणाला, “कोळी तर मासे विकतो.” दुसरी म्हणाली, “त्याच्याकडेपण जाळं असतं की.” ही जोड त्यांची त्यांनीच लावली. आपल्या भाषेने दोघांना एकच नाव दिले आहे. बाई गप्प बसल्या म्हणून पोरांना ते सापडले.

दुसऱ्या दिवशी सुतळीचा गुंडा. पोरे गोल बसली, प्रत्येकाने एक टोक धरून गुंडा समोरच्याकडे फेकला आणि मध्ये जाळे तयार झाले. एकाचे डोळे बांधून त्याला मध्ये बसवले, बोटे सुतळीवर. कुणीतरी हळूच आपला धागा ओढायचा आणि त्याने ओळखायचे कुणी ओढला ते. जाळे विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांची नजर अधू असते, धाग्याच्या थरथरीवरून त्यांना कळते की काय अडकले आहे, कुठे अडकले आहे. चार वर्षांच्या पोराला हे वाक्य सांगून समजत नाही, बोटाला मात्र लगेच समजते. त्यातून पोरांनी विचारले की मग कोळी स्वतः का नाही चिकटत? गोल जाळ्यात मधून बाहेर जाणारे सरळ धागे कोरडे असतात आणि गोल फिरणारे चिकट, हे आमच्या बाईंना माहीत नव्हते. त्यांनी “उद्या सांगते” म्हटले, घरी जाऊन कुणाला तरी विचारले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले. बालवाडीत मला सगळ्यात मोलाचे वाटले ते हे “उद्या सांगते”.

मोजणीही झाली. चार पोरे पाठीला पाठ लावून बसली की आठ पाय होतात. दोन बटाटे काडीने जोडले की कोळ्याचे अंग, मुंगीला मात्र तीन लागतात. कोळ्याला पाय आठ, मुंगीला सहा. म्हणजे कोळी हा मुंगी-झुरळासारखा कीटक नाही, हे पोरांनी बटाट्यांवर ठरवले.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला घेतले तिकडे येते. तिसऱ्या दिवशी दोन आया दारात आल्या. “कोळी अंगावरून गेला की फोड येतात, पोरांना कशाला त्याच्या नादी लावता?” ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. पावसाळ्यात मानेवर, गालावर आग होणारे असे फोड उठतात ते खरे आहे, पण बऱ्याचदा ते एका लहान नारिंगी-काळ्या किड्यामुळे. तो दिव्याभोवती येतो, अंगावर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. कोळी बिचारा भिंतीवर दिसतो म्हणून नाव त्याचे. आयांशी हे बोलायला अर्धा तास लागला. त्यातली एक म्हणाली, “म्हणजे दिवा लावून झोपायचं नाही, आणि किडा बसला तर चोळायचा नाही, फुंकायचा.” आरोग्य शिबिरात तासभर भाषण करून जे होत नाही ते कोळ्याच्या निमित्ताने दारात झाले.

भीतीचे दुसरे अंग बायांचे आहे. पहिल्या दिवशी जाळे दाखवले तेव्हा मुली किंचाळून मागे सरल्या आणि मुलगे पुढे घुसले. मुलगे घाबरत नव्हते असे नाही, दोघांचे चेहरे रडवेले झाले होते. पण मुलगा मागे सरला की “काय रे, पोरगी आहेस का?” हे ऐकावे लागते आणि मुलगी किंचाळली की सगळे कौतुकाने हसतात. हे साडेतीन-चार वर्षांचे वय आहे. आपण किशोरींच्या शिबिरात ‘निर्भय बना’ म्हणून जो विषय घेतो, तो धडा तोवर दहा वर्षे उलटा गिरवून झालेला असतो. आमच्या बाईंनी एवढेच केले की किंचाळण्यावर कुणाला हसू दिले नाही आणि घाबरलेल्या मुलाला लांबून बघायची मुभा दिली. आठवड्याच्या शेवटी खिडकीतल्या जाळ्याची राखण करायला जी पोर बसली ती पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने ओरडली होती. यावरून मी फार मोठा निष्कर्ष काढणार नाही, पण हे बघायला बालवाडीत बसावे लागते.

एक सावधगिरीही सांगायची आहे. कोळ्यांच्या जगात मादीचे महत्त्व मोठे. पुष्कळ जातींत मोठे, सुबक जाळे मादीच विणते, वयात आलेला नर जोडीदार शोधत हिंडतो. लांडगा कोळी म्हणतात त्या जातीची मादी अंड्यांची पिशवी अंगाला लावून फिरते आणि पिल्ले निघाली की त्यांना पाठीवर घेते. चित्र बघून एकाने विचारले, “बाप कुठंय?” दुसऱ्याने उत्तर दिले, “यार्डात गेलाय.” इथे बालवाडीच्या बाईला मोह होतो : “बघा, आई किती कष्ट करते!” तो मोह आवरावा. आईच्या मायेचा दाखला निसर्गातून आणला की पाळणाघर कशाला हवे, हा पुढचा प्रश्न लांब नसतो. आणि मादी नराला खाते हे सांगून बायकांवर विनोद करणारेही आहेतच. कोळीण आपल्या पोटापाण्याचे बघते, ती ना आदर्श माता ना कुलटा.

ब्रूस राजाच्या गोष्टीचेही तसेच. पडून पडून पुन्हा चढणारा कोळी बघून हरलेल्या राजाला धीर येतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. वस्तीतल्या पोरांना ती सांगताना माझी जीभ अडखळते. त्यांची घरे पडतात ती कोळ्याच्या पाय घसरण्यासारखी नव्हे. झाडू फिरतो आणि पडतात. अतिक्रमणाची गाडी या पोरांनी पाहिलेली आहे. प्रयत्न कर, पुन्हा कर, हे त्यांच्या आईला सांगायची गरज नाही. झाडू कुणाच्या हातात आहे, हेही पोरांशी बोलता येईल अशी गोष्ट आपल्यापैकी कुणीतरी लिहावी. ग्रीक लोकांत विणकर मुलगी अराक्नीची कथा आहे. देवीशी विणण्यात पैज लावली म्हणून तिला शिक्षा झाली आणि तिचा कोळी झाला. लुईझ बुर्जवा या शिल्पकार बाईने १९९९ साली नऊ मीटरहून उंच कोळीण उभारली, पोटाशी संगमरवरी अंडी असलेली, आणि तिला नाव दिले ‘मामाँ’, म्हणजे आई. तिची आई जुन्या विणलेल्या पडद्यांची दुरुस्ती करायची. गोणपाट शिवणाऱ्या बाईच्या पोरीला हे का सांगू नये?

आता छापील कागदांबद्दल. आसपासच्या खाजगी नर्सऱ्यांतही कोळी शिकवतात. एक छापील कोळी येतो, बहुधा परदेशातल्या हॅलोवीनसाठी काढलेला, काळा, दात विचकणारा. रेघेच्या आत रंग भरायचा, खाली इंग्रजीत ‘एस’ गिरवायचा. पोर भिंतीवरच्या कोळ्याकडे बघत नाही, बघितले तर आई चपलेने मारते. मी आयांना दोष देत नाही. पोट मारून त्या ही फी भरतात, कारण इंग्रजीने दारे उघडतात हे त्यांनी गाळ्यावरच्या शेठच्या घरात पाहिले आहे. “एबीसीडी कधी सुरू करणार?” हा त्यांचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. पण बघणे, विचारणे, मोजणे, स्वतःच्या भाषेत सांगणे हे शेठच्या पोरालाही लागते आणि त्याला ते घरी मिळते. आमच्या पोराला फक्त बालवाडीत मिळणार.

हे काही नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, पाने, बिया घेतल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा वस्तीच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द दिला. अनुताई बालविधवा होत्या, हेही आपण लक्षात ठेवावे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना आली, शब्द देशभर गेला. मागे राहिले ते शिकवणे. अंगणवाडीच्या बाईला वजने, नोंदी, आहार, मोबाइलवरची माहिती यांतून वेळ काढून शिकवायचे असते. तिला मिळते ते मानधन. शिक्षिका म्हणून पगार नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका पन्नास दिवसांहून जास्त संपावर होत्या. तेव्हा आपण पाठिंब्याची पत्रके काढली, त्यात पोषण आहार होता, मानधन होते. ही बाई शिक्षिका आहे हे आपल्याही पत्रकात नव्हते. “पोरे सांभाळते” असे आपणही म्हणतो. बाईचे काम म्हणजे सांभाळणे, आणि सांभाळण्याला कौशल्य लागत नाही, म्हणून मोल नाही. घरकामाबद्दल आपण जो युक्तिवाद इतकी वर्षे खोडत आलो तो बालवाडीच्या दारात निमूट मान्य करतो.

वेळेचे गणित तर सरळ सरळ बायांच्या विरोधात आहे. यार्डात माल पहाटेच्या अंधारात उतरतो. तरकारी विभागाला सुट्टी शनिवारी, आणि सगळ्यात मोठी आवक रविवारी. अंगणवाडी रविवारी बंद. म्हणजे आईला कामाची सर्वाधिक गरज त्या दिवशी पोर गोण्यांच्या थप्पीत, हातगाड्यांच्या चाकांत, किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर. जुन्या कायद्यांनी पाळणाघर सांगितले होते ते कारखान्यात ३० पेक्षा जास्त बायका असतील तर, बांधकामावर ५० पेक्षा जास्त बायका असतील तर, २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० कामगार असतील तर. गाळ्यागाळ्यावर दोघी-तिघी रोजंदारीने बसतात, त्या कोणत्या मोजणीत येणार? याच पुण्यात हमाल पंचायतीने मालकागणिक विखुरलेल्या हमालांना एकत्र मोजायला लावले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. सगळ्या गाळ्यांनी मिळून हमालांची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व मान्य आहे. तेच तत्त्व निवडणाऱ्या बायांच्या पोरांना लावा, ही मागणी बाजार समितीपुढे ठेवायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

ज्येष्ठ मैत्रिणीला माझे उत्तर असे की रेशनकार्डाचा अर्ज आणि कोळी यांतला एक निवडायचा नाही. पुढच्या मेळाव्यात पाळणाघराचा ठराव येईल तेव्हा त्यात तीन गोष्टी असाव्यात : यार्डाच्या वेळेला आणि रविवारी उघडी राहणारी बालवाडी, तिच्यातल्या बाईला शिक्षिकेचा पगार, आणि तिला शिकायला महिन्याचा एक भरपगारी दिवस. बैठक शनिवारी ठेवावी म्हणजे यार्डातल्या आया येतील. आणि या वेळी अहवाल मी मांडणार नाही, बालवाडीच्या बाई मांडतील. त्यांचा गावी जाण्याचा तो एकच मोकळा दिवस बुडेल, तेव्हा त्या दिवसाचा रोज संघटनेने द्यावा.