सुपरहिरो, नशा आणि वेशीवरचा नवा येसकर

लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत आपल्या वस्त्यांमधल्या पोरांच्या मोबाईलवर 'द बॉइज' ही मालिका गेली काही वर्षं फिरते आहे. तिच्यात ए-ट्रेन नावाचा एक सुपरहिरो आहे. काळा माणूस, जगातला सगळ्यात वेगवान, आणि एका बलाढ्य कंपनीने पोस्टरवर चढवलेला. वेग टिकवायला तो 'कंपाउंड व्ही' नावाचं द्रव्य घेतो. त्या धुंदीत धावताना एका निरपराध मुलीच्या चिंधड्या उडवतो आणि थांबतही नाही. कंपनीला गरज पडली की त्याला आफ्रिकी धाटणीचा पोशाख चढवला जातो. त्याच्याच लोकांच्या वस्तीत दुसरा एक गोरा सुपरहिरो धुमाकूळ घालतो, तेव्हा मात्र कंपनी एक गुळमुळीत माफीनामा वाचायला लावून मोकळी होते. २०२४ साली आलेल्या चौथ्या सीझनमध्ये हाच ए-ट्रेन आतल्या बातम्या गुपचूप कंपनीच्या विरोधकांना पुरवू लागतो.

पोरांना तो आवडतो. मलाही आवडला. पण मित्रांनो, आपण त्यात एक गोष्ट विसरतो. ए-ट्रेन बातमी देतो ती सत्तेची, सत्तेच्या विरोधकांना. आपल्या वस्तीतला नशेत अडकलेला 'वाघ' जी बातमी देतो ती वस्तीची, आणि देतो पोलीस ठाण्याला, नाहीतर गावच्या पुढाऱ्याला. या दोघांना एकाच तागडीत तोलता येणार नाही. आणि वस्तीतल्या त्या वाघाबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारची भाषा चालते. फ्लेक्सवर 'ढाण्या वाघ', पाठीमागे 'दलाल', 'खबऱ्या', 'गद्दार'. या दोन्हीच्या मधे जो माणूस आहे त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

आधी इतिहास बघू, कारण खबर देणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. ते आपल्यावर लादलेलं वतन होतं. महारांच्या कामांची यादी काढून बघा. येसकर म्हणून वेशीवर बसायचं, गावात कोण आला कोण गेला याची वर्दी पाटलाला द्यायची, चोरीचा माग काढायचा, मयताचा सांगावा घेऊन परगावी पळायचं, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचं. (आपल्या आज्या-पणज्यांनाही धावायलाच लावलं होतं, पोस्टर तेवढं नव्हतं.) या सगळ्याचा मोबदला काय? थोडी इनाम जमीन आणि दारोदार मागून आणायची भाकर. राज्यकर्त्यांना गावागावात फुकटचे डोळे आणि कान हवे होते. ते त्यांनी एका जातीला जन्मापासून चिकटवले. गावाला वाटे की हा सरकारचा माणूस, आणि सरकारला वाटे की हा गावचा नोकर. माणूस मात्र कोणाचाच नव्हता.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. म्हणूनच १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायदा दुरुस्तीचं बिल मांडलं आणि १९३९ साली हरेगावच्या परिषदेत पुन्हा याच प्रश्नावर लोक गोळा केले. वतनाच्या तुकड्याला चिकटून बसणारे आपलेच लोक तेव्हा त्यांना विरोध करत होते, हेही विसरू नका. कागदावर ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. पण व्यवस्थेची गरज गेली नाही. तिला वेशीवर आजही येसकर हवाच आहे. भाकरीच्या जागी आता काय ठेवायचं, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता. मावळात त्याचं उत्तर तिला आयतं मिळालं.

मावळ तालुका बघा. एका बाजूला कार्ले, भाजे, बेडसे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची आपली लेणी. तळेगावात बाबासाहेबांचा बंगला. शेजारी देहूरोड, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. इतका वारसा फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आला असेल. आणि त्याच मातीवर शनिवार-रविवारचा बाजार उभा आहे. लोणावळा-खंडाळ्याचे भाड्याचे बंगले, पवना धरणाच्या काठचे तंबू, पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरची झुंबड. या बाजारात आपला पोरगा काय करतो? केअरटेकर असतो, बर्फ आणि बाटल्या पोहोचवतो, कोळसा पेटवतो, पहाटे उलट्या पुसतो. मालक पुण्या-मुंबईचा, गिऱ्हाईकही तिकडचंच. उरलेली बाटली पोराची. पुढे कधीतरी उरलेली पुडीही त्याचीच. बंगल्यावर छापा पडला की गाडीवाले वकिलाला फोन लावतात, आणि ठाण्यात बाकड्यावर रात्र काढतो तो केअरटेकर.

त्या रात्री त्याला एक प्रस्ताव येतो. कोणी तो लिहून देत नाही. "तू पोरगा चांगला आहेस, जयंतीला पुढं असतोस, कशाला आयुष्याची माती करतोस? आपलं माणूस म्हणून राहा. अधूनमधून फोन करत जा." बस्स. इथून नवं वतन सुरू होतं.

आता कोणी म्हणेल, जयंतीची मिरवणूक कुठून निघणार, १ जानेवारीला भीमा कोरेगावला किती गाड्या जाणार, हे कळलं तर बिघडलं कुठे? काहीच बिघडलं नाही. ते तर ठाण्याचे गोपनीयवाले आपल्याला उघड फोन करून विचारतात, आणि आपण सांगतोही. मंत्र्याचा दौरा असला की १६८ ची (जुनी १४९ ची) नोटीसही हातात पडते. खरं नुकसान दुसऱ्या ठिकाणी होतं. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये कोणता साक्षीदार कर्जात आहे, कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोण घाबरलेला आहे, ही बातमी आरोपीच्या घरी पोहोचली की खटला कोर्टात उभा राहण्याआधीच हरलेला असतो. तडीपारीचं बघा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली साक्षीदार समोर यायला धजावत नाहीत असं म्हणून त्यांचे जबाब गोपनीय ठेवता येतात. कार्यकर्त्याला आपल्याच जिल्ह्यातून हाकलणारा कागद कोणाच्या तोंडच्या शब्दांवर उभा आहे, हे त्याला कळतही नाही.

अशी एक केस मी जवळून पाहिली आहे. मावळातलंच गाव, नाव सांगत नाही. साक्षीदारांची नावं जबाब होण्याआधीच आरोपींकडे गेली. दोन जण फितूर झाले, बाकीचे गप्प बसले, आरोपी सुटले. संशय आला तो मंडळातल्या एका पोरावर, कारण तो पीत होता आणि त्याच्याकडे नवा मोबाईल दिसला होता. पुरावा एवढाच. भर बैठकीत त्याची कॉलर धरली, ग्रुपमधून काढलं, त्याच्या आईला हळदी-कुंकवापासून नव्हे, विहारातल्या वंदनेपासून तोडलं. बातमी त्यानेच फोडली होती का, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. तो पोरगा आज एका बंगल्यावर राहतो आणि चोवीस तास पितो. समजा तो खबऱ्या नव्हता, तर आपण एक कार्यकर्ता मारला. समजा होता, तर त्याला कायमचा त्यांच्याच ओसरीवर नेऊन बसवला. दोन्हीकडून फायदा कोणाचा झाला?

ज्यांच्यावरून १९७२ साली आपल्या दलित पँथरने नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी याची किंमत मोजली आहे. विल्यम ओ'नील हा शिकागोचा कोवळा पोरगा. चोरीच्या गाडीच्या भानगडीत एफबीआयच्या हाती लागला आणि सुटका म्हणून पँथरांमध्ये शिरला. पुढे तो तिथला सुरक्षाप्रमुख झाला! त्याने पुरवलेल्या घराच्या नकाशावर ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलीस घुसले आणि एकवीस वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन व त्याचा साथी मार्क क्लार्क ठार झाले. ओ'नीलला बक्षीस मिळालं ३०० डॉलर. १९९० साली तोही आत्महत्या करून गेला.

पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट आपले वक्ते सांगत नाहीत. मे १९६९ मध्ये न्यू हेवन इथे ॲलेक्स रॅकली या एकोणीस वर्षांच्या पँथरला त्याच्याच साथींनी खबऱ्या असल्याच्या संशयावरून हालहाल करून मारलं. एफबीआयच्या लोकांना तर हेच हवं होतं. प्रामाणिक माणसावर खबऱ्याचा शिक्का मारायचा आणि बाकीचं काम संघटनेकडूनच करून घ्यायचं, ही त्यांची ठरलेली पद्धत होती. आणि संस्थापक ह्युई न्यूटन? डॉक्टरेट मिळवलेला, लाखोंचा हिरो असलेला हा माणूस कोकेनच्या आहारी गेला आणि १९८९ साली ओकलंडच्या रस्त्यावर नशेच्या धंद्यातल्या एका पोराच्या गोळीने मेला. सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या पोस्टरवरचं ते वेताच्या खुर्चीतलं चित्र आजही विकलं जातं.

माझा आक्षेप या पोस्टरलाच आहे. आपण कार्यकर्त्याला सुपरहिरो करतो तेव्हा त्याला आजारी पडायची परवानगी काढून घेतो. ज्याचा फोटो चौकात बाबासाहेबांच्या शेजारी लावलाय, तो 'मला दारू सुटत नाही' असं कोणापुढे म्हणणार? म्हणजे ते गुपित होतं. आणि ज्याच्याकडे गुपित आहे त्याला दावणीला बांधायला दोर लागत नाही. ठाण्यातल्या एका माणसाला ते माहीत असलं की पुरतं. १९४३ साली पुण्यात रानडेंवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेची चिरफाड केली होती. थोर माणसाबद्दल आदर वेगळा आणि त्याच्या मागे डोळे मिटून चालणं वेगळं, हा फरक त्यांनी तिथे स्पष्ट केला. आपण तो भाषणात सांगतो आणि बाहेर आलो की भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावतो.

काही जण इथे पंचशील पुढे करतील. पाचवं शील मोडलं, तो कसला बौद्ध! अरे, शील हे माणूस स्वतः स्वतःला घालून घेतो. तो काही दुसऱ्यावर दाखल करायचा एफआयआर नाही. दर पौर्णिमेला ते म्हणायचं आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी वर्गणी मात्र परमिट रूमवाल्याकडून घ्यायची, हा दांभिकपणा आधी बंद करा, मग त्या पोराकडे बोट दाखवा.

कायद्यात जे आहे ते तरी आपण पोरांना सांगतो का? एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा कमी प्रमाणाच्या प्रकरणात अडकला आणि स्वतःहून शासनमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाते. म्हणजे त्या बाकड्यावरच्या रात्री पोरासमोर 'खबर दे नाहीतर आत जा' एवढे दोनच रस्ते नसतात. तिसराही असतो. पण तो सांगायला त्या रात्री आपला वकील ठाण्यात हवा. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, लोकलने शिवाजीनगर आणि पुढे बस. आपल्या किती मंडळांच्या वहीत तिथला नंबर आहे? डीजेवाल्याचा तर सगळ्यांकडे आहे.

आणि खबऱ्याची भीती बाळगणाऱ्यांनी एक गंमत लक्षात घ्यावी. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीचा जो साधनग्रंथ काढला, त्यात पोलिसांच्या गुप्त अहवालांमधले उतारे आहेत. म्हणजे तेव्हाही सभेत खबऱ्या बसलेला होताच. बाबासाहेब पुढे काय म्हणाले, किती माणसं होती, हे तो लिहून नेत होता, आणि आज आपण त्याच कागदांवर प्रबंध लिहितो. त्याने चळवळीचं काय वाकडं केलं? महाडच्या तळ्यावर जायचं होतं ते जाहीर सांगून गेले. चोरून काही नव्हतंच, तर तो विकणार काय? आज तर माणूसही लागत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्या गेल्याचं अमेरिकेतल्या आर्सेनल कंपनीच्या तपासणीत २०२१ साली पुढे आलं. तिथे कोणत्या पोराची कॉलर धरणार?

झाकून ठेवावं असं आपल्याकडे खरं म्हणजे फार थोडं आहे. साक्षीदाराची अडचण, पीडितेचा पत्ता, वकिलाशी झालेलं बोलणं, एवढंच. ते चार विश्वासू माणसांपलीकडे जाऊ नये, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. बाकी सगळं, विशेषतः पैशाचा हिशेब, विहाराच्या फळ्यावर लावा. कोणावर संशय असेल तर तीन ज्येष्ठांनी, त्यात एक बाई असावीच, त्याच्याशी बंद खोलीत बोलावं आणि पुरावा नसेल तर तिथेच विषय मिटवावा. साक्षीदाराचं कर्ज हा गुपित ठेवायचा विषय नसून मंडळाने वर्गणीतून फेडायचा विषय आहे, कारण आरोपी नेमका तेवढेच पैसे घेऊन दारात येतो.

येत्या जयंतीच्या बजेटची बैठक तुमच्या वस्तीत होईलच. कामशेत असो, वडगाव असो, देहूरोड असो. डीजेच्या आकड्यावर वाद सुरू व्हायच्या आधी दोन ओळी वहीत लिहून घ्या. एका पोराच्या उपचाराचा खर्च, आणि रात्री-अपरात्री ठाण्यात जाईल अशा एका वकिलाची फी. आणि ज्याला तुम्ही ग्रुपमधून काढलं होतं, तो कुठल्या बंगल्यावर आहे ते तुम्हाला माहीत आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी दोघांनी जाऊन त्याला निरोप द्या.

जयभीम.