रूळ आणि प्रवासी

शालान्त परीक्षा जवळ आली कीं 'पुढें काय?' हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि त्याचें उत्तर बहुधा वेतनाच्या आंकड्यावरून ठरतें. रेल्वेचे नवे मार्ग व स्थानकें उभारण्याची व्यवस्था पाहणें हाही आज एक मोठा व्यवसाय आहे. होतकरू विद्यार्थ्यानें तो अवश्य पत्करावा. मात्र आपण केवळ रुळांची नव्हे, माणसांची सोय करावयास निघालों आहों, हें ज्यास उमजलें असेल त्यानेंच पत्करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या कामांत पराक्रमास वाव नाहीं असें कोण म्हणेल? कोंकण रेल्वेचेंच उदाहरण घ्या. १९९० सालीं श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखालीं हें कार्य हातीं घेतलें गेलें, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा सबंध मार्ग खुला झाला. डोंगर पोखरून काढलेला करबुडे येथील साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवरील ६० मीटरांहून उंच पूल पाहिला म्हणजे मान आपोआप लवते. तथापि गाडी धांवूं लागली म्हणजे काम संपलें असें नाहीं. पावसाळा आला कीं या मार्गावर निराळें वेळापत्रक लागतें, वेग कमी करावा लागतो, आणि गस्तवाले भर पावसांत दरडींवर नजर ठेवीत रुळांवरून चालत असतात.

याच मार्गासाठीं झटणारे मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळांत रेल्वेमंत्री होते. त्यांनीं दुसऱ्या वर्गाच्या लांकडी बांकांवर दोन इंची गाद्या बसविण्यास आरंभ केला. गरिबाचीही पाठ दुखते, एवढीच गोष्ट त्यांनीं ओळखली. परंतु ती ओळखावयास मंत्री व्हावें लागत नाहीं.

'आधीं मार्ग होऊं द्या, प्रवाशांच्या सोयी मागाहून पाहतां येतील,' असें कित्येक म्हणतात. हें आम्हांस मान्य नाहीं. अरुंद बांधलेला जिना मागाहून रंग दिल्यानें रुंद होत नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड (आतां प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसांहून अधिक जीव गेले. गर्दी रोजचीच होती. पाऊस आला आणि माणसें जिन्यावर थांबलीं, इतकेंच.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील प्रवासांत गाडी स्थानकांत उभी असतां फलाटाकडे नीट पाहा. आजीबाईंस डब्याची पायरी चढवते काय? अंधास जिना सांपडतो काय? नवख्यास पाटी वाचून आपला फलाट कळतो काय? आणि पालकहो, आपल्या पाल्यास हें दिसतें कीं नाहीं, तें आपणही पाहा. ज्यास दिसतें त्यास गणित व यंत्रशास्त्र शिकवितां येईल. ज्यास दिसत नाहीं, त्याच्या हातीं जिन्याचा नकाशा न देणें बरें.