उसना राग

‘कर्कश’ या शब्दावर आपल्या सुसंस्कृत समाजाचे फार प्रेम आहे. एखादी नवी गोष्ट समजली नाही, आणि समजून घेण्याची इच्छाही नसली, की तिला कर्कश म्हणून मोकळे होता येते. सध्या हा शब्द राखून ठेवलेला आहे तो ‘एक्स्ट्रीम मेटल’ आणि ‘पंक’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संगीतासाठी. आमच्या वर्ध्यातही ते ऐकणारी पोरे आहेत. ती काळे सदरे घालतात, रात्र-रात्र कानांत यंत्रे खुपसून बसतात, आणि मुंबईहून किंवा ओस्लोहून निघणाऱ्या नव्या मुद्रिकेची अशी वाट पाहतात, की तशी त्यांच्या वडिलांनी पावसाचीच पाहिली असेल.

वडीलधाऱ्या मंडळींचे या संगीतावर तीन आरोप आहेत. हा गोंगाट आहे. हा परका आहे. आणि गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात तर तो मुळीच शोभत नाही. यांपैकी पहिले दोन आरोप खोटे आहेत आणि तिसरा उलटा आहे. या संगीतावर एक खरा आरोप करता येतो, पण तो करायचा तर हे संगीत आधी ऐकावे लागेल, आणि तेवढी तोशीस कोण घेणार? तेव्हा तो मीच करतो. मात्र आधी खोट्या आरोपांचा निकाल लावू.

गोंगाट तर गोंगाट. गायक गात नाही, घशाच्या तळातून गुरगुरतो. ढोल वाजवणारा दोन्ही हात आणि दोन्ही पाय अशा वेगाने चालवतो, की ठोके मोजता येत नाहीत. गिटारीच्या तारा सैल सोडून तिचा सूर खोल खाली उतरवलेला असतो. नेपाम डेथ या इंग्रजी वाद्यवृंदाच्या १९८७ सालच्या ‘स्कम’ या तबकडीवर एक गाणे अवघ्या सव्वा सेकंदाचे आहे. हे सगळे विक्षिप्त आहे खरे. पण ते आले कोठून? टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला सतरा वर्षांचा कामगार. यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची ती हीच बोटे. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि दाबताना दुखू नये म्हणून पुढे त्या सैल सोडल्या. सूर खाली गेला, जड झाला. १९७० साली ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी निघाली, आणि आज जगभर ज्याला मेटल म्हणतात त्याचा पाया तिथे पडला. म्हणजे या संगीताच्या मुळाशी कारखाना आहे. ज्या जिल्ह्यात दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगांचा खडखडाट चालतो, ज्याने हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांचे भोंगे ऐकले, त्याने तरी हा आवाज ओळखायला हवा होता.

आणि गोंगाटाची आपल्याला खरोखरच एवढी शिसारी आहे काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. भेसूर चेहऱ्याच्या त्या प्रचंड पुतळ्यांपुढे माणसे बेभान होऊन ओरडतात, रोगराई आणि भ्रष्टाचार त्यांच्या नावाने हाकलून लावतात, आणि शेवटी त्यांना जाळून टाकतात. शे-सव्वाशे वर्षांहून जुनी ही प्रथा आपण कौतुकाने मुलांना खांद्यावर बसवून दाखवतो. अकराळविकराळ रूप उभे करायचे आणि आतली भीती त्याच्या माथी मारून मोकळे व्हायचे, हाच डेथ मेटलचाही सगळा व्यवहार आहे. मग त्याच्या मुखपृष्ठावरची कवटी पाहून आपण दचकतो का? जी मंडळी वसतिगृहातल्या पोराच्या कानातला आवाज सोसत नाहीत, त्यांच्याच घरच्या वरातीत ध्वनिक्षेपकांची भिंत मध्यरात्री खिडक्यांची तावदाने हलवत असते. मंडळींना आवाजाचे वावडे नाही. आवाजात राग असला, की मात्र पोटात दुखते.

परकेपणाचे तर बोलायलाच नको. ज्या पेटीवाचून आपले नाट्यसंगीत उभे राहत नाही ती युरोपातून आली. ती परकी म्हणून १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले होते. आज पेटीला परकी म्हणणाऱ्याला लोक हसतील. वाद्य कोठून आले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यावर काय वाजले, याचा राहतो.

राहिला गांधी-विनोबांचा जिल्हा. म्हाताऱ्याच्या नावाने शपथा घेणाऱ्यांना हे ठाऊक असावे, की १९३१ साली लंडनमध्ये खुद्द त्यांच्याच आवाजाची तबकडी कोलंबिया कंपनीने काढली होती. तबकडीचा त्यांना विटाळ नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता: वस्तू कोण बनवतो, कोणासाठी बनवतो, आणि नफा कोणाच्या खिशात जातो? याच प्रश्नासाठी १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडे आला. आता १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरला काय घडले ते पाहा. बझकॉक्स नावाच्या चार पोरांनी पाचशे पौंड उसने घेतले, स्वतःच ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी मुद्रित केली आणि हजार प्रती काढल्या. कोणत्याही बड्या कंपनीच्या दारात ती गेली नाहीत. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हेही त्यांनी वेष्टणावर छापले. हेतू हा, की वाचणाऱ्याला कळावे, हे आपल्यालाही जमेल. या पोरांनी कुमारप्पांचे नावही ऐकले नसेल. पण मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागद ज्या न्यायाने चालवले, तोच न्याय त्या तबकडीचा आहे. मुंबईत डेमनस्टीलर रेकॉर्ड्सने हेच केले, आणि आज ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी ही मुंबईची संस्था देशोदेशीच्या डेथ मेटल वाद्यवृंदांच्या मुद्रिका इथून जगभर पाठवते. ज्यांना कंपन्या विचारत नाहीत त्यांनी आपला माल आपण काढायचा. वर्ध्याने याला परका म्हणावे, हा विनोद आहे.

मराठी साहित्याने तर हे सारे स्वतःच्या घरात पाहिले आहे. १९५४ साली ‘शब्द’ चक्रमुद्रित स्वरूपात निघाले, १९६३ साली ‘असो’ निघाले, आणि मग लघुनियतकालिकांची रांग लागली. कागद हलका, छपाई पुसट, प्रती मोजक्या आणि भाषा शिव्यांची. तेव्हाही अभिरुचीच्या रखवालदारांनी नाकाला पदर लावला. १९६९ साली काही तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाहीरपणे जाळला; त्याने अनेकांची झोप उडाली. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला. आज त्याच मंडळींवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात. ‘कर्कश’ या शब्दाचे पुढे काय होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको.

असो. आता खरा आरोप.

आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. सुरांचा राग आणि मनातला राग यांना तिने शब्द एकच दिला. मेटल आणि पंक यांच्यात हे दोन्ही राग एक होतात, हीच त्यांची थोरवी. पण आमच्याकडे निघणाऱ्या मुद्रिकांवर जो राग ऐकू येतो, तो बहुतांशी उसना आहे. डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली ‘दशावतार’ काढली. विषय आपल्या घरातला, वादन जगाच्या तोडीचे, आणि शब्द मुख्यतः इंग्रजी. भयानक मौत या वाद्यवृंदाचे नाव देशी, गाणी इंग्रजी. गटस्लिटच्या मुद्रिकांत चिरफाड आहे ती परक्या भयपटांतली. याला अपवाद आहेत, ते मान्य केले पाहिजेत. डेमनस्टीलरने २०२३ साली ‘द प्रोपगंडा मशीन’मध्ये राजकीय खोटेपणावर सरळ वार केले, रायट पेडलर्सनी मुंबईच्या रस्त्यावरचा पंक वाजवला. पण त्यांचीही भाषा इंग्रजीच. हा राग ज्याला यायला हवा त्याला तो कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याला तो बहुधा आलेला नसतो.

इकडे या जिल्ह्यात काय झाले? २००५ च्या अखेरीस डोरली या गावाने आख्खे गाव विक्रीला काढल्याचे जाहीर केले. घरे, गुरे, शेते, सगळे. कर्जाने गळ्याशी आलेल्या माणसांनी देशाच्या तोंडावर फेकलेली ती चपराक होती. जगातल्या कोणत्या पंक वाद्यवृंदाने याहून उर्मट, याहून थोडक्यात काही म्हटले आहे? पुढच्याच वर्षी, २००६ च्या जुलैत, पंतप्रधान वायफडला आले; विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली; आत्महत्या थांबल्या नाहीत. त्याआधी १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातल्या आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळ्या खाऊन पडले. त्यांच्या कानांत तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजत होती. चामड्याचे एक कडे आणि खडा आवाज, एवढेच भांडवल. पण सरकारने त्या भजनांची धास्ती घेऊन महाराजांना तुरुंगात टाकले. आमच्या आजच्या मुद्रिकांची धास्ती कोणत्या ठाणेदाराने घेतली आहे?

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले: गुरगुराटात शब्द कळतातच कोठे? मग भाषा कोणतीही चालेल. इंग्रजीचाच हट्ट कशाला? दुसरे: मराठी या चालींत बसत नाही. हे म्हणणाऱ्याने मराठी कधी मोठ्याने बोलून पाहिलेली नाही. ट, ठ, ड, ढ, ळ ही अक्षरे घशातून फेकण्यासाठीच घडवलेली आहेत, आणि वऱ्हाडी शिवीला जो ठोका आहे तो बर्मिंगहॅमला शिकवता यायचा नाही. डार्कथ्रोनने १९९४ साली नॉर्वेची भाषा पत्करली. न्यूझीलंडच्या एलियन वेपनरीची पोरे माओरीत गातात. लांब कशाला, बंगळूरच्या द्वेषाने २०१४ साली ‘स्थूप’ कन्नडमध्ये काढली. कानड्याला जे जमले ते मराठीला जमत नाही, असे म्हणायची कोणाची छाती आहे?

आणखी एक गोष्ट, आणि ती ग्राहकाला लागू आहे. हजार प्रती निघाल्या त्या पैसे नव्हते म्हणून. आता शंभरच प्रती काढतात त्या दुर्मीळ ठराव्यात म्हणून. वर क्रमांक टाकतात, मेणाला रंगांचे शिंतोडे देतात. गरिबाची अडचण श्रीमंताचा शौक झाली. परदेशातून टपालखर्चासह मागवलेली तबकडी तीन हजारांच्या घरात जाते. २०२४-२५ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका तबकडीला चाळीस किलो कापूस! बरे, स्वस्तात ऐकायचे म्हणून ज्या बँडकॅम्पच्या हाटात हा माल मांडतात, तो हाटच २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा विकला गेला. बंडाची दुकाने ज्याच्या जागेत, भाडे त्यालाच.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत याच वर्ध्यात अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा मांडव पडला आणि त्याच दिवसांत विद्रोही संमेलनाचाही पडला. ज्या गावाला दोन मांडव पेलतात त्याला एक मुद्रिका जड नाही. चार पोरे, एक बंद गोदाम, मागून आणलेले ढोल आणि खिशातला फोन एवढ्यावर ती निघेल. शब्द वऱ्हाडीत असोत. विषय बियाण्याची पिशवी असो, सावकार असो, बाजार समितीचा काटा असो. पन्नास प्रती काढाव्यात, किंमत कापूस वेचणारीला परवडेल इतकी ठेवावी, आणि वेष्टणावर खर्चाचा पै न् पैचा हिशेब छापावा, म्हणजे आर्वीच्या पोरांना कळेल, की हे त्यांनाही जमेल.

ती मुद्रिका निघाली, की मंडळी पुन्हा ‘कर्कश’ म्हणतील. त्या दिवशी तो शब्द मी आनंदाने ऐकेन, कारण त्या दिवशी त्यांना शब्दन् शब्द समजलेला असेल.