पैसा मोबाईलमध्ये, जबाबदारी कोणाची?

इंदूर, देवास, ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत जमाखर्चाची वही कपाटात जपून ठेवलेली असे. आज पेन्शन बँकेत, बँक मोबाईलमध्ये आणि तो मोबाईल समजावून सांगणारी मुले पुण्या-बंगळूरला, अशी स्थिती आहे. आभासी चलनाच्या ‘दामदुप्पट’ योजनेत फसलेल्या आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “दाद मागायची कुठे? भोपाळला की दिल्लीला?” प्रश्न रास्त आहे.

चलन, बँका आणि धनादेश हे विषय राज्यघटनेने केंद्राकडे दिले आहेत. म्हणून डिजिटल देयकांना 2007 चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि लगाम रिझर्व्ह बँकेच्या हाती असतो. आभासी चलनाशी संबंध ठेवू नका, असे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांना बजावले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ते परिपत्रक रद्द केले. 2022 पासून या व्यवहारांच्या नफ्यावर 30 टक्के कर आला. कर आला म्हणजे सरकारची हमी आली, असा समज दलाल पसरवतात. तो साफ खोटा आहे. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच आहे. आभासी चलनाला असे कोणतेही कवच नाही.

मग राज्य सरकार मोकळे सुटते काय? मुळीच नाही. पोलीस राज्याचे आहेत. ठेवीदारांच्या हितरक्षणाचे कायदेही राज्यांनी केले आहेत. महाराष्ट्राने 1999 मध्ये, मध्य प्रदेशाने 2000 मध्ये. तमिळनाडूच्या अशाच कायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये राज्यांचा हा अधिकार मान्य केला. परंतु 2000 साली आभासी चलन जन्मालाही आले नव्हते. फसवणाऱ्याचे घर-जमीन जप्त होईल, पण पैसा आभासी खात्यात दडवला असेल तर काय? अशी मालमत्ता जप्तीच्या कक्षेत येते, हे राज्याच्या कायद्यात नि:संदिग्ध शब्दांत लिहिले पाहिजे. गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर हार स्वीकारणाऱ्या आमदारांना यंदा हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपलेही कर्तव्य आहे. फसवणूक लक्षात येताच 1930 क्रमांकावर कळवा आणि बँकेला लेखी तक्रार देऊन पोच घ्या. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भुर्दंड नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये ठरवून दिले. मात्र पासवर्ड किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी येते.

सर्वांत मोठा अडसर संकोचाचा आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आपली माणसे गप्प बसतात आणि तेवढ्या वेळात पैसा चार खाती ओलांडून जातो. फसणे हा गुन्हा नव्हे. बोला, वेळेवर बोला. मंडळ आपल्या पाठीशी उभे आहे.